आजीची पांढरी साडी कोणत्या सालची?

मैंदर्गीसारख्या गावात जुनी पेटी उघडली की एखादी पांढरी साडी निघते. घरचे सांगतात, "ही 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या दीक्षेतली." खरेही असेल, पण पारखून घ्यावे.

टोकाला गिरणीचा शिक्का उरला आहे का पाहा. किंमत आण्यांत असेल तर कापड बहुधा 1957 पूर्वीचे. 'नये पैसे' असतील तर 1957 ते 1964 मधले. लांबी मीटरमध्ये असेल तर दीक्षेनंतरचे.

शिक्का धुऊन गेला असेल तर सुटा धागा चिमट्यात धरून जाळा. सुताची मऊ राख होते, पॉलिस्टरची कडक गोळी. गोळी झाली तर साडी बहुधा नंतरची.

कापड फार तर साल सांगेल. ती कोणी नेसली, हे आजीच सांगेल. तिला आजच विचारा आणि चिठ्ठी लिहून साडीच्या घडीत ठेवा.