चूक फळ्यावर मांडू द्या

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या अनेक कारखान्यांत, कँटीनकडे जाणाऱ्या वाटेवर एक फलक लावलेला असतो. त्यावर सहा-सात कामगारांचा फोटो, त्यांनी स्वतः ठरवलेलं गटाचं नाव, एका अडचणीचा आलेख आणि ‘आधी’ व ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रं असतात. फोटोतली माणसं बहुतेक लाइनवर काम करणारीच. दहावी-बारावी किंवा आयटीआय झालेली ही मंडळी आठवड्यातून एकदा एकत्र बसतात, आपल्याच कामातली एक खोट निवडतात, ती मोजतात, तिचं मूळ शोधतात आणि ती पुन्हा होणार नाही अशी तजवीज करतात. कागदोपत्री याला गुणवत्ता मंडळ म्हणतात. कामगारांच्या तोंडी मात्र ते ‘क्वालिटी सर्कल’ किंवा नुसतं ‘क्यूसी’.

ही पद्धत वाळूजमध्ये रुजली त्याला इथला इतिहास कारण आहे. बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याची पायाभरणी जानेवारी 1984 मध्ये झाली आणि 5 नोव्हेंबर 1985 रोजी तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्याच्या पाठोपाठ सुटे भाग पुरवणाऱ्यांची रांग लागली. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉकसारख्या कंपन्या इथेच वाढल्या आणि पुढे परदेशातही गेल्या. शेजारी बजाजनगर उभं राहिलं. रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर, वडगाव कोल्हाटी ही गावं भाडेकरूंनी भरून गेली. जालना, बीड, परभणी, हिंगोली आणि पलीकडच्या विदर्भातून कोरडवाहू शेती मागे ठेवून माणसं आली. वाहन उद्योगात एका भागाची खोट पुढची अख्खी लाइन थांबवते. त्यामुळे ‘रिजेक्शन’, ‘रिवर्क’, ‘कायझेन’ हे शब्द बजाजनगरच्या घरांत जेवताना निघतात. त्या घरांतली मुलं आज आयटीआयला, पॉलिटेक्निकला किंवा बी.व्होक.ला जातात. वडील कारखान्यात जी पद्धत शिकले ती मुलांच्या वर्गात का दिसत नाही, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

या पद्धतीचा उगम जपानमधला. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या त्या देशात 1950 मध्ये अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी अभियंत्यांना आणि उद्योगप्रमुखांना व्याख्यानं दिली. माल तयार झाल्यावर खराब नग वेचून काढण्यापेक्षा खराब नग तयार करणारी रीतच सुधारा, हे त्यांच्या सांगण्याचं सार. प्राध्यापक काओरू इशिकावा यांनी ते कामगारापर्यंत नेलं. 1962 मध्ये जपानी शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या संघटनेने फोरमनसाठी नियतकालिक सुरू केलं आणि त्याच वर्षी पहिल्या मंडळांची नोंदणी झाली. साधी तपासणी तक्त्यावरची नोंद आणि माशाच्या सांगाड्यासारखी कारणांची आकृती ही त्यांची हत्यारं. ती वापरायला पदवी लागत नाही. भारतात ही चळवळ हैदराबादच्या भेल कारखान्यातून आली. तिथले एस. आर. उडपा यांच्या पुढाकाराने 1982 मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिचं राष्ट्रीय अधिवेशन डिसेंबर 2022 मध्ये आपल्याच शहरात भरलं आणि देशभरातले गट आपापल्या केस स्टडी घेऊन इथे आले.

मंडळाचं काम चालतं कसं, ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. सभासद स्वेच्छेने येतात आणि एकाच विभागातले असतात. सुरुवातीला ते आपल्या कामातल्या जेवढ्या अडचणी आठवतील तेवढ्या लिहून काढतात. मग प्रत्येक अडचणीपुढे ए, बी किंवा सी असं अक्षर पडतं. जी आपल्या हातात आहे ती ए. जिला दुसऱ्या विभागाची मदत लागेल ती बी. जी व्यवस्थापनाच्या निर्णयाशिवाय सुटणार नाही ती सी. हात घालायचा तो आधी ए ला. या एका सवयीने ‘वरचे काही करत नाहीत’ हे रडगाणं थांबतं आणि वरच्यांनी नेमकं काय करायला हवं याची यादीही तयार होते. पुढे बारा पायऱ्या आहेत. अडचण ओळखण्यापासून उपायाचा सतत पाठपुरावा करण्यापर्यंत त्या जातात. नववी पायरी मला फार शहाणपणाची वाटते. उपाय लागू करण्याआधी त्याला विरोध कोण करेल, का करेल आणि त्याची समजूत कशी काढायची, याचा विचार तिथे करायचा असतो.

आता हेच आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये करून पाहू. समजा, टर्नरच्या वीस मुलांच्या तुकडीला 25 मिलिमीटर व्यासाचा जॉब काढायचा आहे आणि बरेच जॉब मापाला कमी भरतात. नेहमीची रीत अशी, की निदेशक मार्क कापतात, मुलाला ‘लक्ष देऊन कर’ म्हणतात आणि पुढचा जॉब देतात. मंडळाची रीत वेगळी. भिंतीवर तक्ता लावायचा. प्रत्येक बिघडलेल्या जॉबमागे एक उभी रेघ, पाचवी तिरकी. शेजारी लेथचा नंबर, वेळ आणि माप घेणाऱ्याचं नाव. पंधरवड्यात दिसतं की निम्म्याहून जास्त रेघा दोनच लेथपुढे आहेत. मग मुलं त्या लेथवर उभी राहतात आणि ‘का?’ असं पुन्हा पुन्हा विचारतात. जॉब कमी का भरला? टूल जास्त आत गेलं. का गेलं? खुणेच्या पुढे गेलेला डायल थोडासाच मागे घेतला. मग टूल मागे का आलं नाही? क्रॉस स्लाइडच्या स्क्रूत ढिलाई आहे. हँडल उलटं फिरलं तरी ती ढिलाई संपेपर्यंत टूल जागचं हलत नाही. उपाय दोन निघतात. हँडल चांगलं अर्धा फेरा मागे घेऊन पुन्हा पुढे खुणेवर आणायचं, ही सवय मुलांच्या हातात आहे, म्हणजे ए. नट आवळून घेणं देखभाल विभागाचं काम, म्हणजे बी. तक्ता पुढचे दोन आठवडे तसाच ठेवायचा आणि रेघा कमी झाल्या का ते पाहायचं. ज्या मुलाने हा शोध एकदा लावला तो पुढे कुठल्याही मशीनवर उभा राहिला तरी आधी तिची ढिलाई तपासेल. नुसत्या ‘लक्ष दे’ म्हणण्याने हे शिक्षण झालं नसतं.

या साऱ्याला एक अट आहे. भीती नको. डेमिंग यांच्या चौदा सूत्रांत कामाच्या जागेवरची भीती घालवा, हे एक ठळक सूत्र आहे. घोषणाफलकांनी गुणवत्ता वाढत नाही, हे दुसरं. बिघडलेला जॉब दाखवला की ओरडा बसतो हे कळलं, की मुलगा तो स्क्रॅपच्या डब्यात तळाशी घालतो. मग तक्ता कोरा राहतो आणि चूक जिवंत राहते. नोंद शिक्षेसाठी वापरायची नाही, हे संस्थेच्या प्रमुखाने पहिल्याच दिवशी सांगावं लागतं आणि पाळावं लागतं.

शिक्षणसंस्थांना हे जमतं याचे दाखले आहेत. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या फॉक्स व्हॅली टेक्निकल कॉलेजने 1980 च्या दशकातच ही वाट धरली. टेक्सासमधल्या डॅलसच्या रिचलँड कॉलेजला 2005 मध्ये बाल्ड्रिज हा तिथला राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार मिळाला. तो मिळवणारं ते पहिलं कम्युनिटी कॉलेज. आपल्याकडे लखनौच्या सिटी माँटेसरी स्कूलने शाळकरी मुलांची गुणवत्ता मंडळं चालवून दाखवली. कम्युनिटी कॉलेज ही कल्पनाही आपल्याला परकी नाही. परिसरातल्या उद्योगाला लागणारं कौशल्य परिसरातल्याच मुलांना कमी खर्चात शिकवायचं, यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2013-14 च्या सुमारास योजना आणली, मागून बी.व्होक. आलं. आपल्या शहरात चिकलठाण्याचं इंडो-जर्मन टूल रूम हातातल्या कामातून शिक्षण देतंच आहे.

गुणवत्तेची चौकटही आहे. 1994 मध्ये स्थापन झालेल्या नॅक या मूल्यांकन करणाऱ्या संस्थेने महाविद्यालयांना अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष स्थापायला आणि दरवर्षी अहवाल द्यायला लावलं. आपण कसं शिकवतो हे लिहून काढण्याची सवय त्यातून लागली, हे मोठं काम आहे. पण कक्षाचं बळ बहुतेक वेळा अहवाल भरण्यात संपतं. फोटो, सह्या आणि पुरावे गोळा करता करता प्राध्यापक थकून जातात आणि विद्यार्थ्याला त्या धावपळीतलं काहीच कळत नाही. कक्ष वर आणि वर्ग खाली, मध्ये जिना नाही. गुणवत्ता मंडळ तो जिना होऊ शकतं.

बजाजनगरच्या मुलांच्या अडचणी ए-बी-सीत मांडल्या तर काय दिसेल? प्रात्यक्षिकाची वही शेवटच्या आठवड्यात एकगठ्ठा लिहिली जाते, ही ए. ग्रंथालय नेमकं तासांच्या वेळेतच उघडं असतं, ही बी. रात्रपाळी करून आलेल्या शिकाऊ मुलाला सकाळच्या पहिल्या तासाला हजेरी लावता येत नाही आणि त्याच कारणाने तो परीक्षेला मुकतो, ही सी. कमवत शिकणाऱ्या मुलाची गळती त्याच्या आळसाच्या खात्यावर टाकली जाते. मोजून पाहिलं तर ती वेळापत्रकाची खोट निघण्याची शक्यता जास्त.

धोकेही सांगायला हवेत. स्पर्धेत बक्षीस मिळवण्यासाठी सजवलेली केस स्टडी आणि खरी सुधारणा यांत फरक असतो. अधिवेशन संपल्यावर तक्ता उतरला, तर मंडळ नावापुरतं उरतं. कारखान्यांतही कंत्राटी कामगार आणि ट्रेनी या गटांबाहेर राहिले, तर जे सर्वांत जास्त चुका पाहतात त्यांचंच म्हणणं ऐकलं जात नाही. महाविद्यालयाने तासिका तत्त्वावरचे शिक्षक, प्रयोगशाळा सहायक आणि शिपाईमामा यांनाही बसवून घेतलं पाहिजे. कुठलं यंत्र महिनाभर बंद आहे, हे त्यांना आधी माहीत असतं.

असं मंडळ चालवायला वेगळा निधी लागत नाही. वाळूजच्या कारखान्यांत ही पद्धत वर्षानुवर्षं चालवणारे अनुभवी लोक आहेत, त्यातले कित्येक निवृत्त होऊन बजाजनगरातच राहतात. उद्योगांनी अशा एका माणसाला आठवड्यातला एक तास जवळच्या आयटीआयला किंवा महाविद्यालयाला द्यावा. प्राचार्यांनी एका तुकडीपासून, एका अडचणीपासून सुरुवात करावी आणि तक्ता आपल्या केबिनमध्ये न लावता वर्कशॉपच्या भिंतीवर लावावा. आणि बजाजनगरच्या आई-वडिलांनो, पालकसभेला जाल तेव्हा निकालाच्या टक्क्यांबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: या वर्षी मुलांनी स्वतः शोधून कोणती एक चूक कायमची बंद केली?