दूरच्या सायकलप्रवासासाठी गादीच्या विजारीची निवड : चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशाच्या संदर्भात

सायकलीवरून दूरचा पल्ला गाठू पाहणाऱ्याचे पाय शाबूत असतात, दम टिकून असतो, सायकलही नीट चालत असते. आणि तरीही केवळ बसणे अशक्य झाल्यामुळे त्यास प्रवास अर्ध्यावर सोडावा लागतो. हा अनुभव इतका परिचयाचा आहे की तो अपरिहार्यच मानण्याची रीत पडली आहे. वस्तुतः तो अपरिहार्य नाही. बैठकीच्या जागी गादी शिवलेली जी आखूड, अंगालगत बसणारी विजार सायकलस्वार वापरतात, आणि जिला ते 'पॅडेड शॉर्ट्स' म्हणतात, तिची निवड विचारपूर्वक केल्यास हा त्रास पुष्कळ अंशी टाळता येतो. ही निवड कोणत्या तत्त्वांवर करावी, आणि चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या हवामानात त्या तत्त्वांचा क्रम कसा लावावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

गडचिरोली हा जिल्हा १९८२ साली जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचा बहुतांश भाग जंगलाने व्यापलेला असून वस्ती विरळ आहे. गडचिरोलीहून चामोर्शी, आष्टी व आलापल्ली या मार्गाने प्राणहितेच्या काठी वसलेल्या सिरोंच्यास जावयाचे म्हटले तर २०० किलोमीटरांहून अधिक अंतर तोडावे लागते. आलापल्लीच्या पुढे सागाच्या रानातून जाणाऱ्या रस्त्यावर औषधाचे दुकान वा दवाखाना हाकेच्या अंतरावर नसतो. शहरात ज्या जखमेकडे दुर्लक्ष करता येते, तीच येथे प्रवास थांबविणारी ठरते. सायकलस्वाराच्या वस्त्राचा विचार ही या प्रदेशात केवळ हौसेची बाब नाही, ती यामुळे.

दूरच्या सायकलप्रवासाशी या भूमीचा संबंधही नवा नाही. वरोड्याच्या आनंदवनाचे बाबा आमटे यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली, तेव्हा शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवरून निघाले होते आणि हा पल्ला सुमारे ५,००० किलोमीटरांचा होता. शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरांची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत एकट्याने पूर्ण केली. २०१८ साली त्यांनी सैबेरिया ओलांडणारी ९,००० किलोमीटरांहून लांब शर्यतही पार केली. अशा पराक्रमांची गोष्ट सोडली तरी 'ब्रेवे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुदतबंद सवाऱ्या आता आपल्याकडे रूढ झाल्या आहेत. त्यांत २०० किलोमीटरांस साडेतेरा तास, ३०० स २० तास, ४०० स २७ तास आणि ६०० किलोमीटरांस ४० तास अशी मुदत असते.

या आकड्यांचा शरीराच्या दृष्टीने अर्थ काय, हे साध्या हिशेबाने कळते. ताशी २० किलोमीटर वेगाने २०० किलोमीटर जाण्यास १० तास लागतात. पायटे मिनिटास ७० वेळा फिरले असे धरल्यास दहा तासांत ४२,००० फेरे होतात. म्हणजेच प्रत्येक मांडी सीटच्या कडेस ४२,००० वेळा घासून जाते. कोणत्याही एका घासण्याने काहीच बिघडत नाही. बिघडते ते त्यांच्या बेरजेने.

२. शरीराचा भार कोठे पडतो

बसलेल्या माणसाचा भार श्रोणीच्या तळाशी असलेल्या दोन हाडांच्या टोकांवर पडावा अशी शरीराची रचना आहे. ही आसनास्थींची टोके होत. त्यांच्यावरील त्वचा व स्नायू दाब सोसण्यास योग्य असतात. त्यांच्या मधला, दोन्ही मांड्यांच्या सांध्यातील मऊ भाग मात्र दाबासाठी नाही; जननेंद्रियांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू तेथून जातात. त्या भागावर दीर्घ काळ दाब राहिल्यास बधिरता येते. ही बधिरता म्हणजे सवयीने जाणारी किरकोळ गोष्ट नव्हे. बसण्याची रीत, सीट वा विजार यांपैकी काहीतरी चुकत असल्याची ती सूचना होय.

भार कोठे पडेल हे बसण्याच्या रीतीवर अवलंबून असते. गावोगाव दिसणाऱ्या काळ्या, स्प्रिंगच्या रुंद सीटच्या सायकलीवर माणूस ताठ बसतो आणि भार मागच्या बाजूस, आसनास्थींवर येतो. शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलींना शासनाच्या योजनेतून मिळालेल्या सायकलींचेही तसेच आहे. पाच-सहा किलोमीटर ताठ बसून जाणाऱ्या विद्यार्थिनीस गादीच्या विजारीची गरज नाही; तिला गरज आहे ती आपल्या उंचीला जुळवून लावलेल्या सीटची. याउलट शर्यतीच्या वळणदार हँडलवर वाकून बसणाऱ्याची श्रोणी पुढे कलते आणि भार पुढच्या मऊ भागाकडे सरकतो. म्हणून एकाच्या बैठकीस मानवलेली गादी दुसऱ्यास मानवेलच असे नाही.

स्त्रियांच्या श्रोणीची रचना भिन्न असल्याने त्यांच्या आसनास्थींतील अंतर सामान्यतः अधिक असते आणि पुढील भागातील नाजूक जागाही वेगळी असते. पुरुषांसाठी कापलेली गादी लहान मापात शिवली म्हणजे ती स्त्रियांची झाली, असे होत नाही. स्त्रियांच्या गादीचा मागील भाग रुंद हवा आणि मध्यभागी, विशेषतः पुढे, टोचणारी शिवण वा उंचवटा नसावा.

३. गादीचे खरे कार्य

पूर्वी युरोपातील सायकलस्वार लोकरीच्या विजारीत शॅम्वा नावाच्या डोंगरी बकऱ्याचे मऊ कमावलेले कातडे शिवून घेत. इंग्रजीत या गादीस आजही त्याच प्राण्याच्या नावाने ओळखतात. ते कातडे जाड नव्हते, आणि त्याचा हेतू मऊपणा हा नव्हता. शिवणींचा त्वचेशी संबंध येऊ नये व घासणे कमी व्हावे, एवढ्यासाठी ते होते. धुतल्यावर ते कडक होई व पुन्हा तेलकट लेप लावून मऊ करावे लागे. पुढे १९५८ साली अमेरिकेत स्पँडेक्स हा ताणला जाणारा कृत्रिम धागा निघाला, लोकरीची जागा ताणल्या जाणाऱ्या कापडाने घेतली आणि कातड्याच्या ठिकाणी फोमची गादी आली. गादी जाड करणे सोपे झाले, आणि जाडी हेच सुखाचे माप असा समज त्याबरोबर पसरला.

हा समज चुकीचा आहे. आपल्या भाषेत खोगीरभरती हा शब्द निरुपयोगी भरण्यासाठी वापरतात, तो येथे अक्षरशः लागू पडतो. जाड पण विरळ फोम हाताने दाबून पाहताना सुखद वाटतो. परंतु शरीराचा भार पडताच तो पूर्ण दबून तळास लागतो आणि आसनास्थींखाली आधार उरत नाही. शिवाय हाडे फोममध्ये रुतली की मधला फोम वर येऊन ज्या मऊ भागाला दाबापासून वाचवावयाचे त्यालाच दाबतो. म्हणून जाडीपेक्षा घनता महत्त्वाची. बाजारातील गाद्यांच्या फोमची घनता साधारणतः घनमीटरास ६० ते १२० किलोग्रॅमच्या दरम्यान असते. तासा-दोन तासांच्या फेरीस कमी घनतेची गादी चालते. दिवसभराच्या प्रवासास आसनास्थींखाली अधिक घनतेची, आणि मध्यभागी व कडांकडे पातळ होत गेलेली गादी हवी.

गादीचे दुसरे कार्य घासणे थांबविण्याचे. हे ती स्वतः करीत नाही. विजारीच्या ताणामुळे ती त्वचेला चिकटून राहते तेव्हाच ते घडते. आखाड्यातील मल्ल लंगोट कसून बांधतो त्यामागील विचारही हाच की वस्त्र अंगाबरोबर हलावे, अंगावर हलू नये. गादीची विजार अंगाशी बसली तर मांडी हलताना सीट व कापड यांच्यात घर्षण होते. ती सैल असेल तर तेच घर्षण कापड व त्वचा यांच्यात होते. याच कारणास्तव या विजारीच्या आत दुसरे अंतर्वस्त्र घालू नये. घातल्यास त्याच्या शिवणी नेमक्या भाराच्या जागी येतात आणि गादीचा हेतूच नष्ट होतो.

४. ओलावा आणि तंतू

येथवरचे विवेचन कोणत्याही प्रदेशास लागू आहे. चंद्रपूर-गडचिरोलीचा विशेष येथून सुरू होतो. चंद्रपूरचा उन्हाळा देशातील अत्यंत कडक उन्हाळ्यांपैकी एक आहे. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे तेथे नवलाचे नाही. त्यानंतरचा पावसाळा जोरदार व दीर्घ असतो, आणि जंगलातील हवा दमट राहते. ओलसर त्वचा फुगते, मऊ पडते आणि कापड तिच्यावरून सहज सरकत नाही. म्हणजे जी विजार कोरड्या हवेत निभावून नेते तीच येथे जखम करू शकते.

उन्हाळ्यात सुती वस्त्र बरे, हे आपले पिढीजात शहाणपण आहे आणि ते अंगरख्यापुरते खरे आहे. सूत घाम शोषते आणि वाऱ्याने तो वाळताना अंग थंड होते. परंतु सीटखाली वारा पोहोचत नाही. तेथे शोषलेला घाम वाळण्यास वाव नसतो. तो कापडात साठून राहतो. प्रमाणित हवेत तंतू किती ओलावा धरून ठेवतात हे पाहिल्यास फरक स्पष्ट होतो : लोकर सुमारे १६ टक्के, सूत सुमारे साडेआठ टक्के, नायलॉन सुमारे ४ टक्के आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून गादीचा त्वचेलगतचा थर सुती नसावा. बारीक विणीच्या पॉलिएस्टर वा नायलॉनचा असावा.

येथे एक पेच उभा राहतो. जाड व घन गादी आधार चांगला देते, परंतु ती वाळण्यास फार वेळ घेते. श्रावणात आलापल्लीच्या मुक्कामी रात्री धुतलेली जाड गादी पहाटे ओलीच सापडावयाची, आणि ओली गादी चढवून निघणे म्हणजे त्रासास आमंत्रण देणे होय. तेव्हा पावसाळ्यातील अनेक दिवसांच्या प्रवासास मध्यम जाडीची, छिद्रे वा पन्हळी असलेली गादी पत्करावी आणि एकाऐवजी दोन-तीन विजारी बरोबर घ्याव्यात. हिवाळ्यातील एका दिवसाच्या सलग पल्ल्यास मात्र घन गादी निःशंकपणे निवडावी. आधार आणि कोरडेपणा यांत एकाची निवड करणे भाग पडल्यास या प्रदेशात कोरडेपणास अग्रक्रम द्यावा. कारण दाबाचे दुखणे विश्रांतीने ओसरते, फाटलेली त्वचा मात्र लवकर भरत नाही.

५. माप व परीक्षा

आसनास्थींतील अंतर घरच्या घरी मोजता येते. टणक स्टुलावर पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून, सायकलवर बसतो तितके पुढे वाकून त्यावर काही वेळ बसावे. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर हेच आपले माप. गादीचे दोन घन भाग नेमके या अंतरावर यावयास हवेत. सीटचीही रुंदी याच मापाने ठरते, आणि सीट चुकीची असेल तर उत्तम विजारही ती चूक भरून काढू शकत नाही.

दुकानात विजार उभे राहून पाहू नये. उभे राहिल्यावर चांगली विजारही मागे लोंबते व अवघड वाटते. वाकल्यावर ती नीट बसते. म्हणून सायकलवरील पवित्रा घेऊन परीक्षा करावी. गादी सरकते का, मांडीवरील पट्टी रुतते का, कमरेचे इलॅस्टिक पोटात घुसते का, हे पाहावे. इलॅस्टिक घुसत असेल तर खांद्यावरून पट्टे घेतलेली विजार बरी. गादी जागच्या जागी राखण्याचे कामही ती अधिक चांगले करते. परंतु लघुशंकेच्या वेळी ती गैरसोयीची ठरते, आणि रानातील रस्त्यावर स्त्रियांस ही गैरसोय मोठी वाटते. ज्यांस तंग वस्त्रात गावातून जाणे प्रशस्त वाटत नाही त्यांनी वरून हलकी, सैल विजार घालावी. गादी त्वचेलगत राहिली म्हणजे पुरे.

नवी विजार मोठ्या प्रवासाच्या दिवशी प्रथम घालू नये. ५० किलोमीटर, मग १००, आणि नंतर २०० अशा चढत्या क्रमाने तिची पारख करावी. दोष बहुधा तिसऱ्या-चौथ्या तासानंतर दिसू लागतात.

६. स्वच्छता आणि त्वचारोग

सीटच्या जखमेच्या तीन पायऱ्या सांगता येतील : प्रथम लाली व आग, मग केसांच्या मुळांशी पुटकुळ्या, आणि शेवटी पू धरलेले गळू. पहिल्या पायरीवर एक-दोन दिवसांची विश्रांती पुरते. तिसरीवर, विशेषतः ताप आल्यास, वैद्यकीय उपचारांस पर्याय नाही. मधुमेही व्यक्तींनी पहिल्याच पायरीवर थांबावे.

याहून अधिक गंभीर बाब नायट्याची आहे. जांघेतील नायटा हा दमट हवेचा जुनाच सोबती. परंतु गेल्या काही वर्षांत भारतात त्याचे रूप पालटले आहे. २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळालेली बुरशी टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधास पुष्कळदा दाद देत नाही. दुकानातून सल्ल्यावाचून घेतलेल्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी खाज तात्पुरती थांबते, लाली मावळते, आणि रोग आतून पसरत राहतो. सायकलस्वाराच्या हाती असे मलम सहज येते. ते त्याने कटाक्षाने टाळावे.

म्हणून विजार प्रत्येक प्रवासानंतर लगेच सौम्य साबणाने धुवावी, उलटी करून उन्हात पूर्ण वाळवावी आणि दुसऱ्याची कधीही वापरू नये. कापड मऊ करणारी द्रव्ये वापरू नयेत; त्यांचा थर कापडाची घाम वाहून नेण्याची शक्ती घटवितो. घर्षण कमी करण्यासाठी लावावयाचा लेप सहज धुऊन जाणारा असावा. व्हॅसलीन वा खोबरेल यांनी आग थांबते खरी, परंतु ती गादीत मुरून बसतात. मुक्कामास पोहोचताच विजार उतरवून अंग कोरडे करणे हा नियम कोणत्याही लेपाहून अधिक गुणकारी आहे.

७. उपसंहार

सारांश, निवडीचा क्रम असा लावता येईल : प्रथम सीट व बसण्याची रीत, मग विजारीचे माप, त्यानंतर कोरडेपणा, त्यानंतर गादीची घनता, आणि सर्वांत शेवटी जाडी. दुकानात नेमका याच्या उलट क्रमाने माल दाखविला जातो, आणि ग्राहकही अंगठ्याने गादी दाबून तिची मऊशारता पाहतो. अंगठ्याची ही परीक्षा क्षणाची असते. शरीराची परीक्षा ४२,००० फेऱ्यांची. वैनगंगेपासून प्राणहितेपर्यंत जावयाचे असेल तर दुसरीस उतरणारी विजारच निवडली पाहिजे.