विश्लेषण : फवारणीची विषबाधा… जीव वाचवणारे औषध जुनेच, मग कमी कुठे पडते?

कीटकनाशकाच्या विषबाधेवर रसायनशास्त्राने सत्तर वर्षांपूर्वीच नेमका उतारा शोधला. मात्र बारामती, श्रीलंका आणि बांगलादेशातील चाचण्यांनी वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधले. जुने, स्वस्त औषध योग्य वेगाने देण्याचे शिक्षण डॉक्टरांना मिळते का, हा तो मुद्दा.

चर्चा कशामुळे?

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा मृत्यू झाला. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यानंतर राज्य सरकारने यवतमाळसह पश्चिम विदर्भातील काही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट आणि सायपरमेथ्रिनसोबत मिसळलेले प्रोफेनोफॉस त्यांत होते. ही तिन्ही रसायने ऑरगॅनोफॉस्फरस गटातील. ग्रामीण भागातील आत्महत्येच्या प्रयत्नांतही याच गटातील कीटकनाशके वारंवार आढळतात.

शरीरात नेमके काय बिघडते?

मज्जातंतूंकडून स्नायू आणि ग्रंथींना संदेश देण्याचे काम ॲसिटिलकोलीन हे रसायन करते. संदेश पोहोचला की ते लगेच मोडावे लागते. ही जबाबदारी ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराची, म्हणजेच एन्झाइमची. विकर हा शरीरातील उत्प्रेरक. तो रासायनिक क्रिया वेगाने घडवतो, स्वतः मात्र खर्च होत नाही. या विकराचा एक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू मोडतो.

ऑरगॅनोफॉस्फरस रसायन या विकराच्या नेमक्या कामाच्या जागी घट्ट चिकटते. शिसेयुक्त पेट्रोलमुळे मोटारीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, तसाच हा प्रकार. उत्प्रेरक जागेवर असतो, पण काम करत नाही. ॲसिटिलकोलीन साचत जाते. लाळ, घाम, उलट्या, जुलाब सुरू होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात. श्वासनलिकांत स्राव भरतो, श्वसनाचे स्नायू दुबळे होतात. बहुतेक मृत्यू श्वास बंद पडल्यानेच होतात.

रसायनशास्त्राने कोणता उतारा शोधला?

चिकटलेला फॉस्फरसचा गट ओढून काढणारा रेणू तयार केला तर विकर पुन्हा कामाला लागेल, हा विचार अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात आयर्विन विल्सन यांनी मांडला. १९५५ मध्ये त्यातून प्रॅलिडॉक्झाइम हे औषध पुढे आले. आपल्याकडे डॉक्टर त्याला ‘पॅम’ म्हणतात. विकराची रचना समजून घेऊन मुद्दाम घडवलेले हे औषध.

पण त्याला वेळेची मर्यादा आहे. काही काळाने चिकटलेल्या गटाचा एक भाग गळून पडतो आणि उरलेला भाग कायमचा घट्ट बसतो. मग पॅमचा उपयोग होत नाही. मोनोक्रोटोफॉससारख्या डायमिथाइल रसायनांत निम्मा विकर साधारण पावणेचार तासांत या अवस्थेला पोहोचतो. क्लोरपायरिफॉससारख्या डायइथाइल रसायनांत त्याला सुमारे ३३ तास लागतात. प्रोफेनोफॉसमध्ये ही क्रिया इतकी वेगाने होते, की रुग्ण रुग्णालयात पोहोचेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. कोणते कीटकनाशक होते, हे कळणे म्हणूनच महत्त्वाचे.

चाचण्या काय सांगतात?

बारामतीच्या गिरिराज रुग्णालयातील डॉक्टरांनी २०० रुग्णांवर केलेली चाचणी २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. ४८ तास सलग मोठ्या मात्रेत पॅम दिलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण १ टक्का होते. दर चार तासांनी थोडी मात्रा दिलेल्या गटात ते ८ टक्के होते. हे रुग्ण मध्यम तीव्रतेच्या विषबाधेचे होते आणि त्यांना अतिदक्षता विभागाची सोय मिळाली होती.

२००९ मध्ये श्रीलंकेतील २३५ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष मात्र वेगळा आला. पॅम मिळालेल्यांपैकी सुमारे २५ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी सुमारे १६ टक्के रुग्ण दगावले. रक्तातील विकर पुन्हा काम करू लागला होता, तरी जीव वाचले नाहीत. पॅमबाबतचा वाद त्यामुळे आजही मिटलेला नाही.

मग भरवसा कशावर?

ॲट्रोपिनवर. ते विकराला मोकळे करत नाही. साचलेल्या ॲसिटिलकोलीनचा ग्रंथी, हृदय आणि श्वासनलिकांवरील परिणाम ते रोखते, त्यामुळे छातीतील स्राव आटतो. स्नायूंच्या दुबळेपणावर मात्र त्याचा उपाय चालत नाही, तिथे प्राणवायू आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटरच लागतो.

इथे मात्रेइतकाच वेग महत्त्वाचा ठरतो. बांगलादेशातील १५६ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ठरावीक मात्रा ठरावीक अंतराने देण्याच्या रूढ पद्धतीत मृत्यू २२.५ टक्के होते. मात्रा झपाट्याने वाढवत नेऊन पुढे सलाइनमधून औषध चालू ठेवले, तेव्हा ते ८ टक्क्यांवर आले. छाती मोकळी होण्यासह अपेक्षित परिणाम साधायला पहिल्या पद्धतीत सरासरी १५२ मिनिटे लागली, दुसऱ्या पद्धतीत २४.

शिक्षणाचा संबंध काय?

दोन्ही गटांत औषध एकच होते, फरक देण्याच्या पद्धतीत होता. ही पद्धत रुग्णाजवळ उभे राहूनच शिकवावी लागते. आपल्याकडे ॲट्रोपिनची कुपी ०.६ मिलिग्रॅमची मिळते. प्रौढ रुग्णाला सुरुवातीला तीन ते पाच कुप्या द्याव्यात, दर पाच मिनिटांनी तपासावे आणि सुधारणा नसेल तर मात्रा दुप्पट करावी, अशी शिफारस आहे. गंभीर रुग्णाला काही वेळातच डझनावारी कुप्या लागू शकतात. हे प्रत्यक्ष पाहिले नसेल, तर नवख्या डॉक्टरचा हात आखडतो.

कधी थांबायचे, हेही शिकावे लागते. केवळ बाहुल्या पाहून चालत नाही. छातीतली घरघर थांबणे, नाडी आणि रक्तदाबाचा वरचा आकडा ८० च्या पुढे जाणे, काख कोरडी होणे या खुणा पाहाव्या लागतात. उलट ताप चढला, रुग्ण बरळू लागला, आतड्यांचा आवाज बंद झाला, तर औषध जास्त झाले असे समजावे. एक ते चार दिवसांनी मान आणि श्वसनाचे स्नायू अचानक दुबळे होऊ शकतात. श्रीलंकेतील डॉक्टरांनी १९८७ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. त्यामुळे रुग्ण सावरल्यासारखा दिसला तरी लक्ष हटवता येत नाही.

भारतात आपत्कालीन वैद्यकशास्त्राला स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून २००९ मध्ये मान्यता मिळाली. पण फवारणीचा रुग्ण सर्वप्रथम पोहोचतो तो प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात. हे प्रशिक्षण तिथल्या डॉक्टर-परिचारिकांपर्यंत, तेही हंगामाआधी, पोहोचणे कळीचे आहे.

नातेवाइकांनी काय करावे?

रुग्णाला शेताबाहेर आणून भिजलेले कपडे काढावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. बेशुद्ध रुग्णाला कुशीवर ठेवावे. १०८ वर फोन करावा आणि कीटकनाशकाची बाटली किंवा वेष्टन सोबत न्यावे. त्यावरचे नाव डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचवते.