स्विच आपल्याच रिमोटचे का ऐकतो?

ठाण्यातल्या बाळकुमच्या नव्या टॉवरांत गाडीच्या किल्ल्या, वायरलेस बेल, फाटकाचे रिमोट असे बरेच काही ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालते. तरी शेजाऱ्याने बटण दाबले म्हणून आपल्या दारची बेल सहसा वाजत नाही. हे कसे, ते कळायला रेडिओवर चालणारा स्विच स्वतः जोडून पाहावा.

कल्पना जुनी आहे. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडे विद्युतचुंबकीय लहरी पाठवून घंटा वाजवली, बंदुकीची दारू पेटवली. मात्र लहर कुणी पाठवली हे ओळखायची सोय त्या यंत्रणेत नव्हती.

आज ती सोय एका चिपमध्ये मावते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर प्रेषक आणि ग्राहक मॉड्यूल स्वस्तात मिळतात. प्रेषकाला एचटी१२ई आणि ग्राहकाला एचटी१२डी ही चिप जोडायची. दोन्हींवर पत्त्याच्या आठ पिना असतात. प्रत्येक पिन ग्राउंडला जोडायची किंवा मोकळी सोडायची, म्हणजे २५६ पत्ते तयार होतात. डेटाच्या चार पिनांवरून चार उपकरणांना आज्ञा देता येतात. अँटेना म्हणून सुमारे १७ सेंटिमीटर तार पुरते. ही लांबी तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतकी असते.

गंमत ग्राहकात आहे. समोरून कुणी बोलत नसले की हे स्वस्त मॉड्यूल आपली संवेदनशीलता वाढवते आणि नुसती खरखर बाहेर टाकते. म्हणून एचटी१२डी आलेला पत्ता स्वतःच्या पत्त्याशी लागोपाठ तीनदा ताडून पाहते. जुळला तरच आज्ञा पुढे जाते. मग ट्रान्झिस्टर रिले ओढतो. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड हवाच, नाहीतर रिले सुटताना उसळणारा व्होल्टेज ट्रान्झिस्टर जाळतो.

काँक्रीटचे स्लॅब मध्ये आले की पल्ला झपाट्याने घटतो. दूरच्या शेतपंपासाठी त्यामुळेच मोबाइलचे जाळे सोयीचे; पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे ‘नॅनो गणेश’ हे उपकरण तेच वापरते.

आपल्या स्विचचा पत्ता कधी बदलत नाही, त्यामुळे तो हवेतून टिपून पुन्हा पाठवता येतो. म्हणून हा स्विच दाराच्या कुलपाला लावू नका. आधी पाच व्होल्टवर एलईडी लावून पाहा. २३० व्होल्टची जोडणी मात्र जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.