वाडीत कोणता लोडर आणावा?

आमच्या पेण-रोहा भागात मातीकाम म्हटले की पहिला शब्द तोंडात येतो तो 'जेसीबी'. वाडीत भर टाकायची असो, गडगा हलवायचा असो, जेसीबीच बोलावला जातो. मीही तेच केले. रोह्याजवळच्या आमच्या वाडीत एका मे महिन्यात जमीन सारखी करून घेतली. काम दोन दिवसांत झाले, पण सात-आठ टनांचे ते धूड कलमांच्या बुंध्यांजवळून फिरत राहिले. माती घट्ट दाबली गेली. पावसात पाणी मुरेना, बुंध्याशी साचून राहिले आणि हापूसची दोन जुनी कलमे हातची गेली. चूक यंत्राची नव्हती, माझ्या निवडीची होती.

जेसीबी हे खरे तर कंपनीचे नाव. आपण म्हणतो तो बॅकहो लोडर. पुढे बकेट, मागे खोदणारा हात. चर किंवा खड्डा खणायचा असेल, जागा मोकळी असेल, तर तोच बरा. शिवाय तो रस्त्याने स्वतः चालत येतो.

दुसरा प्रकार स्किड स्टिअर लोडर. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात केलर बंधूंनी 1957 साली टर्की पक्ष्यांच्या खुराड्यातली घाण काढण्यासाठी तीन चाकांचा छोटा लोडर बनवला. त्यातूनच पुढे 'बॉबकॅट' आला. याची चाके मोटारीसारखी वळत नाहीत. एका बाजूची चाके पुढे आणि दुसऱ्या बाजूची मागे फिरवली की यंत्र जागच्या जागी घुमते. वजन साधारण अडीच-तीन टन, आणि 7 फुटांच्या फाटकातून आत जातो. मुरमाड, टणक जमिनीवर उत्तम. मात्र वळताना चाके घासतात, हिरवळ उखडते. तो ट्रकवर चढवून आणावा लागतो, हा खर्चही धरावा.

तिसरा प्रकार रबरी पट्ट्यांचा, म्हणजे ट्रॅक लोडर. पट्ट्यांमुळे वजन पसरते, जमिनीवरचा दाब बराच कमी होतो. पेणच्या खारेपाटातल्या चिकण मातीत चाकांचे यंत्र रुतते, तिथे हा चालतो. पण दगडगोट्यांवर पट्टे लवकर झिजतात आणि ते महाग असतात.

उचलण्याची क्षमता विचारताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. यंत्र पुढे कलंडेल त्या वजनाच्या निम्मे वजन चाकांच्या लोडरसाठी सुरक्षित धरतात. ट्रॅक लोडरसाठी 35 टक्के. म्हणून नुसते आकडे न पाहता ते कोणत्या हिशेबाने दिले आहेत, हे विचारावे.

चढ-उतारावर यंत्राची जड बाजू नेहमी चढाकडे हवी. भरलेली बकेट पुढे असेल तर तोंड चढाकडे; बकेट रिकामी असेल तर मागची बाजू जड, म्हणून ती चढाकडे. बकेट जमिनीलगत ठेवूनच चालवावे आणि उचललेल्या हाताखाली कुणालाही उभे राहू देऊ नये.

यंत्र कोणतेही आणा, काम पावसाआधी, माती कोरडी असताना उरका. ओली माती अधिक दाबली जाते. कलमांच्या फांद्यांचा घेर जिथपर्यंत पडतो, तिथपर्यंत चुन्याची रेघ मारा आणि चालकाला सांगा, याच्या आत यायचे नाही. आतले काम फावड्या-घमेल्याने करावे. मजुरी थोडी जास्त पडते, पण कलमे राहतात.