फिडल, बॅन्जो आणि दोन कॅटलॉग

१ जुलै १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी टेक्ससच्या अलेक्झांडर रॉबर्टसनने एकट्याने फिडलवर 'सॅली गुडन' ही धून वाजवली. आज ती घरबसल्या ऐकता येते आणि पहिल्यांदा ऐकणारा थोडा चक्रावतोच. साथीला कोणी नाही, तरी दोघं वाजवताहेत असा भास होतो. रॉबर्टसनचा गज एका तारेवर थांबतच नाही. शेजारची तार तंबोऱ्यासारखी घुमत राहते आणि तिच्या आधाराने तो त्याच इवल्याशा धुनेची डझनभर रूपं एकामागून एक काढतो. तीनेक मिनिटांत तबकडी संपते. नाचाच्या बैठकीत अशी धून नाचणारे थकेपर्यंत चालायची. तबकडीच्या एका बाजूत मावेल तेवढंच शिल्लक राहिलं.

फिडल, बॅन्जो आणि गिटार या तीन वाद्यांवर उभ्या असलेल्या या अमेरिकी ग्रामीण संगीताला 'ओल्ड-टाइम' म्हणतात. त्याभोवती एक लाडकी कहाणी विणलेली आहे: अपलाचियन डोंगरात जगापासून तुटून राहिलेली गोरी कुटुंबं, पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या आयरिश-स्कॉटिश धुना, बाजाराचा वाराही न लागलेलं संगीत. डिजिटल संग्रहांत तासन्‌तास ऐकत बसलं, तबकडीची तारीख आणि गाव शोधलं, की ही कहाणी फार टिकत नाही.

जॉर्जियाच्या जॉन कार्सनचंच पाहा. जून १९२३ मध्ये ओके कंपनीच्या राल्फ पीरने अटलांटात त्याचं गाणं मुद्रित केलं ते पोक ब्रॉकमन या फर्निचर-व्यापाऱ्याच्या आग्रहाने. ग्रामोफोन तेव्हा फर्निचरच्या दुकानात विकला जाई आणि ग्रामोफोन खपवायचा तर गिऱ्हाइकाच्या आवडीची तबकडी हवी, इतका साधा हिशेब होता. पीरला कार्सनचा आवाज मुळीच रुचला नव्हता. ब्रॉकमनने मागवलेल्या पाचशे प्रती हातोहात संपल्या, तेव्हा त्याचं मत बदललं.

'स्किलेट लिकर्स' हा गाजलेला बँडही अटलांटाचाच. त्यांनी चोरून दारू गाळणाऱ्यांवर विनोदी नाटुकलं चौदा भागांत तबकड्यांवर आणलं. तेही दारूबंदीच्या काळात! मधूनमधून फिडल, मधूनमधून पोलिसांची चाहूल. याला भाबडं लोकसंगीत कसं म्हणायचं?

भाबडेपणाला खरा तडा जातो तो कंपन्यांच्या कॅटलॉगमुळे. कोलंबियाने कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी १४००० क्रमांकांची मालिका काढली आणि गोऱ्या ग्रामीण गिऱ्हाइकांसाठी १५००० ची. इतर कंपन्यांचंही साधारण तसंच. काळ्या वादकाने ब्लूज गावं आणि गोऱ्याने फिडल वाजवावं, अशी ही वाटणी. प्रत्यक्षात बॅन्जो मुळात आफ्रिकी वंशाच्या गुलामांकडून आलेलं वाद्य, आणि दक्षिणेत गोऱ्यांच्या नाचाला काळे फिडलवादक वाजवत ही नित्याची गोष्ट. ऑगस्ट १९२७ मध्ये शार्लटला 'जॉर्जिया यलो हॅमर्स' या गोऱ्या बँडने 'जी रॅग' मुद्रित केलं, त्यात फिडल आहे अँड्र्यू बॅक्स्टर या कृष्णवर्णीय वादकाचं. दोन वर्णांचे वादक एका तबकडीवर, ही त्या काळातली दुर्मीळ गोष्ट.

त्याहून विलक्षण आहेत टेनेसीचे कृष्णवर्णीय वादक मर्फी ग्रिबल, जॉन लस्क आणि अल्बर्ट यॉर्क. १९४६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्यांचं मुद्रण झालं. ग्रिबलचा बॅन्जो इतका चपळ आणि आडवळणी की ऐकणाऱ्याचा ठेका हरवावा. असे कृष्णवर्णीय स्ट्रिंग बँड कंपन्यांच्या कोणत्याच खणात नीट बसत नव्हते. डिजिटल संग्रहात हे सगळं एका रांगेत येतं, हीच त्याची मोठी कमाई.

या रांगेमागे कष्टाचं काम आहे. जुनी तबकडी शेलॅकची, म्हणजे लाखेपासून बनलेली. ती लाख बव्हंशी भारतातून, छोटा नागपूरसारख्या भागांतून जाई. तिच्या खाचा सारख्या मापाच्या नसतात. म्हणून इंटरनेट अर्काइव्हच्या 'ग्रेट ७८' प्रकल्पात आधी तबकडी धुतात, मग वेगवेगळ्या मापांच्या चार पिना एकदमच टेकवून चार मुद्रणं करतात. श्रोत्याला चारही ऐकता येतात. एखाद्या पिनेत खरखर कमी, दुसरीत बॅन्जोची टणटण जास्त ठसठशीत. खरखर पार पुसून गुळगुळीत केलेल्या आवृत्त्यांपेक्षा ही कच्ची मुद्रणं कितीतरी बरी. खरखरीबरोबर गजाचा खरबरीतपणाही जातो, आणि या वादनात तर तोच जीव आहे.

कंपन्यांना मात्र हे रुचलं नाही. २०२३ मध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी या प्रकल्पावर स्वामित्वहक्कावरून दावा लावला. २०२५ मध्ये तडजोड झाली. २०१८ च्या अमेरिकी कायद्यानुसार १९२३ ते १९४६ मधल्या तबकड्या प्रकाशनानंतर शंभर वर्षं हक्कात राहतात. त्या हिशेबाने १९२५ च्या तबकड्या १ जानेवारी २०२६ ला मोकळ्या झाल्या, 'जी रॅग'च्या वर्षातल्या २०२८ ला होतील.

१९२५ च्या तबकड्यांत चार्ली पूल आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या कापडगिरणीत राबणारा हा बॅन्जोवादक पोझी रोररचं फिडल आणि नॉर्मन वुडलीफची गिटार घेऊन जुलैमध्ये न्यूयॉर्कला गेला. त्यांच्या 'डोंट लेट युअर डील गो डाउन'च्या एक लाखाहून अधिक प्रती खपल्या. त्या मुद्रणाचे बँडला मिळाले ७५ डॉलर.