फर्माइशींचं कतारगाम

सुरतला निघालो की लोक साडी सांगतात, नाहीतर घारी. या खेपेला मी मित्रांना म्हटलं, फोटो सांगा. मात्र सुरतच्या कतारगाम भागातले आणि आसपासचेच. फर्माइशीच्या फोटोत गंमत ही, की आपण एरवी जिथे थांबलोच नसतो तिथे दुसऱ्याच्या कुतूहलापायी ताटकळावं लागतं.

अमळनेरच्या मित्राने विचारलं, "आमनी तापी तठे कशी दिखस?" सिंगणपोर-रांदेर कॉजवेवर गेलो. हा पूल कमी, बंधारा जास्त. वरच्या अंगाला शहरासाठी अडवलेलं गोडं पाणी, तुडुंब. खालच्या अंगाला समुद्राची भरती पोहोचते, त्यामुळे ओहोटीला नुसता चिखल. पावसाळ्यात पाणी वरून वाहू लागलं की रस्ता बंद. दोन्ही अंगं एका चौकटीत मावेनात. दोन फोटो पाठवले. "हाई आमनी नही," एवढंच उत्तर आलं. वाटेत उकाईचं धरण लागतं, तेव्हा ओळख लागू नये यात नवल नाही.

नागपूरच्या मैत्रिणीला हिरा घासणारी घंटी हवी होती, तीही फिरताना. ओळखीने एका छोट्या कारखान्यात शिरलो. चेहरे घ्यायचे नाहीत आणि हिऱ्यांची पुडी उघडी असताना कॅमेरा खाली, अशी अट. घंटीभोवती चौघे कारागीर. मधे ओतीव लोखंडाची चकती, तिच्यावर तेलात कालवलेली हिऱ्याचीच पूड. हिऱ्याला दुसरं काही पुरत नाही. चकती मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे घेते, पण इतकी गुळगुळीत की फोटोत थांबलेलीच दिसते. शटर फार वेगात ठेवलं तर ट्यूबलाइटच्या लुकलुकीचे पट्टे उमटतात, म्हणून सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर आणलं. तरी चकती ठप्प! हलत होता तो हात: टेकव, उचल, भिंगातून बघ, पुन्हा टेकव. गोल हिऱ्याला 57 पैलू, आणि प्रत्येकासाठी हीच उठबस. अखेर हाताचाच फोटो घेतला, बोटं किंचित पुसट. मैत्रिणीला तो पसंत नाही. माझ्या मते सगळ्यांत खरा तोच.

पुण्याचा खवय्या मित्र म्हणाला, उंधियूत पडते त्या कतारगामच्या पापडीचं शेत दाखव. मला दिसल्या त्या सोसायट्या आणि कारखाने. हातगाडीवर मात्र अजून "कतारगामनी पापडी" अशीच हाळी. "कुठली हो, मावशी?" विचारलं तर त्या हसल्या आणि वजन करू लागल्या. गाडीचाच फोटो पाठवला.

"शेत राहू दे," तो म्हणाला, "भाव काय होता?"